परदेशातून आलेला फोन आणि दोन कुलपं



नागपुरात धंतोलीतल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत.
सुट्टीत येतात, जुना फोन इथेच ठेवून जातात.
मग धाकट्याला वाटतं, यात लिनिएज ओएस, म्हणजे अँड्रॉइडवर आधारलेली वेगळी सिस्टीम, घालून पाहू.

जरा थांबा.
या फोनला दोन कुलपं असू शकतात.
एक सिमचं, ते दुसऱ्या कंपनीचं सिम चालू देत नाही. दुसरं बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं; ते नवी सिस्टीम घालू देत नाही.
सीताबर्डीच्या दुकानात सिमचं कुलूप निघालं, म्हणून दुसरं निघालं असं नाही.

घरीच तपासा.
सेटिंगमध्ये बिल्ड नंबर शोधा.
त्यावर सात वेळा बोट टेकवा.
डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील.
तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ ही ओळ शोधा.
वायफाय जोडूनही ती फिकटच राहिली, बटण हललंच नाही,
तर बहुधा अमेरिकेतल्या मोबाईल कंपनीनेच कुलूप घातलेलं असतं.
असा फोन या कामाला घेऊच नका, फुकट मिळाला तरी.

आता कॉलचं बघा.
जिओ 2016 साली आलं, तेच थेट फोर-जीवर.
मागे टू-जी, थ्री-जीचा आधार नाही.
तिथे साधा कॉलही व्होल्टीवरून, म्हणजे फोर-जीवरूनच, जातो.
नव्या सिस्टीमवर व्होल्टी चाललं नाही, तर व्हिडिओ झकास दिसेल,
पण आईला फोन लागणार नाही.
म्हणून तुमच्याच मॉडेलवर, तुमच्याच सिमवर व्होल्टी चालतं का, ते आधी विचारा.

पुन्हा सांगतो: सिमचं कुलूप वेगळं, बूटलोडरचं वेगळं.

आणि हो, बूटलोडर उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं.
फोटो आधी काढून घ्या.
बँकेची काही ॲप्स अशा फोनवर उघडत नाहीत.
भाजीवाल्याला यूपीआय करायला दुसरा फोन खिशात असू द्या.