माहितीची चोरी आणि समभागाचे मोल



एखाद्या पेढीवर दरोडा पडला की तिजोरी रिकामी होते आणि नुकसान त्याच दिवशी मोजता येते. संगणकातील माहितीच्या चोरीत तिजोरी भरलेलीच राहते. चोर आतल्या ऐवजाची नक्कल घेऊन जातो. मग हानी मोजायची कशाने? शेअर बाजार त्यासाठी आपला तराजू पुढे करतो. तो किती खरा, हे अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’च्या प्रकरणात दिसले.

अटलांटा येथील ही कंपनी नागरिकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवते. तिच्या वापरातील ‘अपाचे स्ट्रट्स’ या प्रणालीतील दोष मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला, त्यावरील दुरुस्तीही उपलब्ध झाली. पण कंपनीत ती सर्वत्र बसविली गेली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले. माहितीच्या ये-जा करण्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती. पहारेकरी दाराशी होता, पण त्याच्या डोळ्यांवर पट्टी! २९ जुलैला चोरी लक्षात आली. जगाला ती कळली ७ सप्टेंबरला. सुमारे १४ कोटी ७० लाख अमेरिकनांची माहिती गेल्याचे पुढे निष्पन्न झाले. त्यात जन्मतारखा होत्या, सामाजिक सुरक्षा क्रमांक होते. या गोष्टी कुलपासारख्या बदलता येत नाहीत.

मधल्या मौनाच्या काळात कंपनीतील एका माहिती-तंत्रज्ञान अधिकाऱ्याला सुगावा लागला. त्याने काय केले? प्रतिस्पर्धी ‘एक्स्पिरियन’कडे २०१५ साली झालेल्या चोरीनंतर तिच्या समभागाचे काय झाले, ते शोधले, आणि स्वतःचे समभाग विकून मोकळा झाला. १ लाख १७ हजार डॉलरहून अधिक तोटा त्याने टाळला. २०१९ साली त्याला चार महिन्यांची कैद झाली. नागरिकांच्या आधी समभागाची चिंता, ही वृत्ती एकट्या त्याचीच असेल असे मानण्याचे कारण नाही.

घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी समभाग सुमारे १४ टक्क्यांनी कोसळला. आठवडाभरात जवळजवळ एकतृतीयांश मोल गेले. मुख्याधिकारी रिचर्ड स्मिथ त्याच महिन्यात पायउतार झाले. परंतु २०१९ मध्ये भाव पुन्हा जुन्या पातळीच्या आसपास आला आणि २०२१ मध्ये तिच्या कितीतरी वर गेला.

असे का व्हावे? ज्यांची माहिती गेली, ते या कंपनीचे मुख्य ग्राहक नव्हतेच. ग्राहक होत्या बँका आणि कर्जे देणाऱ्या संस्था. रागावलेला नागरिक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नव्हता, कारण या दुकानात तो आपणहून आलाच नव्हता. बाजाराने हे अचूक ओळखले. कंपनीचा नफा टिकेल काय, एवढेच तो मोजतो. २०१९ च्या तडजोडीत कंपनीने ७० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य केले. पण रोख भरपाईसाठी इतके अर्ज आले, की सांगितलेले १२५ डॉलर प्रत्येकाला मिळणे अशक्य झाले.

भारतात कर्जइतिहासाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. इक्विफॅक्सची भारतीय शाखा त्यांतलीच एक. गृहकर्जाचा अर्ज करणाऱ्या कुटुंबाची नोंद तेथे जाते, तीही बँकेमार्फतच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ही रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा व्हायची आहे. ज्याची माहिती गेली, त्याला भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यात नाही.