बुडालेल्या मजुरीचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपल्या हाती आहेच. तो वाचून दाखवण्यासाठी मी उभा नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य आकड्यांत गेले. म्हणूनच, आपल्या ताळेबंदात कधीही न उमटणाऱ्या एका आकड्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो.

काही वर्षांपूर्वी एका खासगी गोदामात पोती वाहणारा, चाळिशीतला एक हमाल आपल्याकडे हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. निर्धन रुग्ण म्हणून त्याचे देयक पूर्ण माफ झाले. घरी जाताना डॉक्टरांनी बजावले, "तीन महिने ओझे उचलायचे नाही." आमच्या लेखी विषय संपला. पाचव्या आठवड्यात तो परत आला. हर्निया पुन्हा उद्भवला होता. मी थोड्या रागानेच विचारले, "डॉक्टरांनी सांगितलेले ऐकले नाहीत का?" त्याची पत्नी म्हणाली, "साहेब, तुम्ही बिल माफ केलंत, उपकार झाले. पण तीन महिने घरी बसून खायचं काय, ते कुणी सांगितलं नाही."

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करावी लागली. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या खेपेला विश्रांतीची तरतूद न केल्यामुळे संस्थेने एकाच कामासाठी दोनदा खर्च केला. आणि त्या कुटुंबाने तर त्याहून कितीतरी अधिक सोसला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवतात. देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ही व्यवस्था मोलाची आहे, परंतु तो पैसा उपचारासाठी आहे. बुडालेल्या मजुरीसाठी नाही. कारखान्यातील विमाधारक कामगार आजारी पडला, तर राज्य कामगार विमा योजनेतून वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारभत्ता मिळण्याची सोय असते. आपल्या देशात दहांपैकी सुमारे नऊ कामगार असंघटित क्षेत्रात राबतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना असा आधार नाही. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी मजुरी नाही. कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की प्रथम उधारी, मग दागिना, मग मुलाची शाळा, असा क्रम आम्ही वॉर्डात बसून पाहतो. धडधाकट, कामसू माणसे आळसाने दरिद्री होत नाहीत. एका आजारपणाने होतात.

यावर उपाय काय, हे श्रमिकांनीच आपल्या राज्यात दाखवून दिले आहे. पुण्यातील भुसार बाजारातले हमाल १९५० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीत संघटित झाले. बाबा स्वतः डॉक्टर होते, ही गोष्ट आपण रुग्णालयवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. पाठीचे, कमरेचे दुखणे केवळ औषधाने जाणारे नाही, कारण ते क्विंटलभर वजनाच्या पोत्यात आहे, हे जाणून या चळवळीने पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. माथाडी-हमालांच्या लढ्यांतून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यानुसार नोंदीत कामगाराची मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरायची असते. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा, वैद्यकीय साहाय्य यांची सोय होते. पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे ना नफा ना तोटा तत्त्वावरील उपाहारगृह सुरू केले. कष्टकऱ्याला स्वस्त जेवण मिळाले आणि अनेक स्त्रियांना काम मिळाले.

त्याच पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. आधी ओळखपत्र मिळवले, पुढे २००२-०३ मध्ये महानगरपालिकेला वैद्यकीय विम्याची जबाबदारी घ्यायला लावली, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. या भगिनींनी दया मागितली नाही. आपल्या कामाची नोंद मागितली. नोंद झाली की हक्क मागता आला.

आमच्या त्या रुग्णाची नोंद कोठेच नव्हती. त्याच्यात आणि मंडळात नोंदलेल्या हमालात अंतर होते ते एवढेच.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी दोन सूचना ठेवल्या आहेत. पहिली, कष्टाची कामे करणाऱ्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी आपल्या समाजसेविकेने विचारावे, "विश्रांतीच्या काळात घर कसे चालणार?" आणि तो पात्र असेल त्या मंडळात किंवा संघटनेत नोंदणीसाठी त्याला साहाय्य करावे. याला पैसा लागत नाही, केवळ आस्था लागते. दुसरी, निर्धन रुग्ण निधीपासून सर्वस्वी वेगळा असा 'विश्रांती निधी' देणग्यांतून उभारावा. डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीच्या काळात घरखर्चापुरती रक्कम दर आठवड्याला घरातील स्त्रीच्या हाती द्यावी.

या निधीचा दुरुपयोग होईल, अशी शंका काही हितचिंतकांनी व्यक्त केली. शंका रास्त आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ठरलेली मुदत आणि स्वतंत्र लेखापरीक्षण ही बंधने मी स्वतः सुचवली आहेत. तथापि थोडाफार दुरुपयोग होईल या भीतीने काहीच न करण्याचीही किंमत असते. ती दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या रूपाने आपण मोजलेली आहे.

देणगीदारहो, आजवर आपण खाटा दिल्यात, यंत्रे दिलीत. त्यांवर आपली नावे कोरली आहेत. विश्रांतीवर नाव कोरता येत नाही. तरीही पुढील अहवालात तिच्यासाठी एक स्वतंत्र रकाना असावा आणि तो रिकामा नसावा, एवढीच माझी नम्र विनंती आहे.