सोडा : वाण्याकडचा, बाटलीतला आणि खळ्यातला



रत्नागिरीत सोडा मागायचा तर आधी दुकान नीट निवडावं लागतं. वाण्याकडे गेलात तर पांढरी पूड हातात पडेल, पानपट्टीवर गेलात तर फसफसणारी बाटली, आणि सुक्या मासळीच्या बाजारात गेलात तर सोललेली, वाळवलेली कोळंबी.

आपला घरचा सोडा हा तिसरा. कोळंबीचं डोकं नि साल काढून ती खळ्यात उन्हाला टाकायची, खडखडीत होईपर्यंत. ढीगभर ओली कोळंबी वाळून ओंजळभर उरते, म्हणून सोडे महाग. पण जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागल्या की वांग्याच्या भाजीची अब्रू हेच चार सोडे राखतात! कोमट पाण्यात भिजवायचे, पिळायचे आणि तेलावर परतायचे. शाकाहारी मंडळींनी एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे.

आता वाण्याचा सोडा. खाण्याचा तो सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा तो कार्बोनेट. ढोकळ्यात दही किंवा लिंबू असतं. त्या आंबटाशी खाण्याच्या सोड्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. हात सैल सुटला तर मात्र जास्तीचा सोडा तापून त्याचंच कार्बोनेट होतं, म्हणजे धुण्याचा सोडा. ढोकळा साबणासारखा लागतो तो त्यामुळे. बुलढाण्यातल्या लोणार सरोवराच्या खारट पाण्यातही हाच धुण्याच्या सोड्याचा क्षार आहे. पूर्वी तिथून तो काढत असत. 1807 साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून एक नवा धातू वेगळा केला. सोड्यातून निघाला म्हणून तो सोडियम.

गंमत अशी, की बाटलीतल्या सोड्यात बहुधा सोडा नसतोच. ते नुसतं दाबाखाली वायू भरलेलं पाणी. तरी गोटी सोड्याची बाटली हातात घेऊन बघाच. हायरम कॉड या इंग्रजाने 1870 च्या दशकात ती काढली. आतला वायू गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो, म्हणजे बूच बाहेरून लावायला नको. वरून दाब दिला की फट्! गोटी खाली पडते आणि बाटलीच्या आवळलेल्या कमरेवर अडकते. ओतताना खाचा असलेली बाजू खाली धरायची, म्हणजे गोटी तिथे बसते, तोंडाशी येत नाही. पोरं बाटली फोडायला टपलेली असत ती त्या गोटीसाठी.

राहिला कॉस्टिक सोडा. घरी खोबरेल तेलाचा साबण करणाऱ्यांनी तो थोडा थोडा पाण्यात घालावा. पाणी सोड्यावर कधीच ओतू नये, उसळून अंगावर येतं. कातडी आणि डोळे भाजतात. आणि माझ्या आयाबहिणींनो, खाण्याचा, धुण्याचा आणि कॉस्टिक हे तिन्ही पांढरे सोडे एका फळीवर ठेवू नका. डब्यावर नुसतं ‘सोडा’ न लिहिता पुरतं नाव लिहा.