मागच्या बांकावरचे श्रोते



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. मी कांहीं विद्युत्शास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, चौतीस वर्षें मराठी शाळेंत मुलें शिकविलेला आणि आतां साठी ओलांडलेला मी एक साधा मास्तर. परंतु आमच्या मंडळीनें मला पंच नेमिलें, आणि त्या नात्यानें आमच्या ख्रिस्तमंदिरांतील ध्वनियोजनेसाठीं 'सिग्नल प्रोसेसर' नांवाचें यंत्र निवडण्याचें काम माझ्या गळ्यांत पडलें. त्या कामांत मीं जी चूक केली आणि तिच्यापासून जें शिकलों, तें सांगावें एवढाच आजचा हेतु. देऊळ असो कीं शाळेचें सभागृह असो, दगडी भिंतींच्या आंत ज्यांना चार शब्द ऐकवावयाचे आहेत त्या सर्वांना तें उपयोगीं पडेल, अशी आशा आहे.

आमच्या मंदिरांत अगदीं मागच्या बांकावर एक वृद्ध बाई बसतात. वय सत्त्याऐंशीं वर्षांचें. याच बाईंनीं लहानपणीं मला बाराखडी शिकविली. त्यांच्या धाकट्या बहिणीची अंत्योपासना झाली, त्या दिवशीं दाराशीं त्यांनीं माझा हात धरला व म्हणाल्या, "अरे मास्तर, आवाज पुष्कळ आला रे, पण शब्द एकहि आला नाहीं. माझ्या बहिणीविषयीं काय बोललें गेलें, तें आतां घरीं जाऊन भाच्याला विचारावें लागेल." यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

शब्द येत नाहीं म्हणजे आवाज कमी पडतो, असें आपण सारेच समजतों. आम्हींहि तसेंच समजलों, आणि मोठा अॅम्प्लिफायर आणून बसविला. परिणाम उलटाच झाला. गलका वाढला, शब्द होते त्याहूनहि अधिक बुडाले. असें कां व्हावें?

याचें मूळ १८९५ सालच्या एका गोष्टींत आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत एक नवें व्याख्यानगृह बांधलें होतें. पण त्यांत वक्त्याचें बोलणें कोणाला कळेना. वॉलेस सॅबिन नांवाच्या तरुण अध्यापकाकडे तें काम आलें. त्यानें शेजारच्या नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या गाद्या रात्रीं आणून ठेवाव्या, ऑर्गनची नळी वाजवावी, आणि ती थांबल्यावर नाद विरण्यास किती वेळ लागतो तें घड्याळानें मोजावें, असा उद्योग चालविला. त्यांतून जो नियम निघाला तो सोपा आहे. खोलीचें घनफळ घनमीटरांत घ्यावें, त्यास ०.१६१ नें गुणावें, आणि खोलींतील वस्तु मिळून जेवढा आवाज शोषितात त्या शोषणक्षेत्रानें भागावें. म्हणजे नाद विरण्याचा काळ सेकंदांत मिळतो.

आमचें मंदिर ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद व सरासरी ९ मीटर उंच. म्हणजे घनफळ ३२४० घनमीटर. रिकाम्या मंदिराचें शोषण सुमारें २०० चौरस मीटर धरलें, तर काळ २.६ सेकंद येतो. दोनशें माणसें बसलीं व माणसामागें ०.४५ चौरस मीटर धरलें, तर तोच काळ १.८ सेकंदावर येतो. भजनाला हें फार गोड. रेव्हरंड टिळकांचीं भजनें अशा घुमटींत अंगावर रोमांच आणतात. परंतु बोलणारा माणूस सेकंदांत तीनचार अक्षरें तरी उच्चारतो. मागच्या अक्षरांचा नाद विरण्याच्या आंतच पुढचीं येऊन त्यांत मिसळतात. त्यांतहि स्वर जोरदार आणि व्यंजनें दुबळीं. शब्दाचा अर्थ मात्र व्यंजनांवरच उभा असतो. उपदेशांतील 'पाप' मागच्या बांकावर 'ताप' होऊन पोंचलें, तर दोष ऐकणाराचा नव्हे.

तेव्हां पहिला धडा हा, कीं भिंतींवरून परतलेला आवाज कोणतेंहि यंत्र पुसून काढूं शकत नाहीं. स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यांकडे वळविणें, छपराकडे जाणारा आवाज टाळणें, आणि माईक तोंडाजवळ आणणें, हीं कामें आधीं. माईकचें तोंडापासूनचें अंतर निम्मे केलें, कीं बोलणाराचा आवाज त्याला सहा डेसिबलांनीं अधिक मिळतो, आणि यासाठीं एक पैहि खर्चावी लागत नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. स्पीकर वारंवार किंचाळत, म्हणून "किंचाळी आपोआप दाबणारें" असें वर्णन असलेलें यंत्र मीं आग्रहानें घ्यावयास लाविलें. नाताळच्या आधींच्या रविवारीं भजन चालू असतां ऑर्गनचा एक लांबलेला स्वर त्या यंत्राला किंचाळी वाटला, आणि त्यानें तो स्वरच कापून टाकला. पाठोपाठ आणखी दोन कापले. पुढें पाळकसाहेब बोलूं लागले, तेव्हां त्यांचा आवाज घागरींतून यावा तसा पोकळ झाला होता. कारण यंत्रानें केलेले काप तसेच राहिले होते. यंत्र परत घेतलें गेलें नाहीं. पैसे लोकांच्या वर्गणीचे होते. मीं उभें राहून मंडळीची क्षमा मागितली. जें यंत्र स्वतः निर्णय घेतें, त्याचे निर्णय आपल्या उपासनेंत आधीं पारखून पाहावे, हा दुसरा धडा.

यानंतर मीं वही घेऊन बसलों व गरजा लिहून काढल्या. माईक किती? व्यासपीठावर एक, शास्त्रवाचनाच्या मेजावर एक, पाळकांच्या अंगावर एक आणि ऑर्गनपुढें एक, असे चार. स्पीकर किती ठिकाणीं? पुढें एक जोडी, मध्यें एक जोडी. शिवाय श्रवणयंत्र वापरणारांसाठीं मागच्या बांकांभोंवतीं तारेचें वेटोळें टाकावयाचें होतें. तिसरी वाट त्याची. म्हणजे आंत येणाऱ्या वाटा चार व बाहेर जाणाऱ्या तीन. प्रत्येक बाजूस एकदोन मोकळ्या ठेवाव्या. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. कांहीं प्रोसेसर केवळ स्पीकरांच्या व्यवस्थेसाठीं असतात. त्यांना माईक थेट जोडतां येत नाहीं. कांहींना माईकचा क्षीण प्रवाह वाढविण्याची आणि माईकला ४८ व्होल्ट पुरविण्याची सोय असते. मिक्सर चालविण्यास रोज माणूस नसेल, तर दुसऱ्या जातीचा घ्यावा.

आंतील गुणांपैकीं पहिला, आपोआप माईक उघडझांक करण्याचा. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली, कीं किंचाळीपूर्वींची मर्यादा तीन डेसिबलांनीं खालीं येते. चारहि माईक उघडे राहिले, तर सहा डेसिबल फुकट जातात. जो बोलतो त्याचाच माईक पुढें करणें व इतरांचे मागें घेणें, हें काम यंत्र चांगलें करतें. यानेंच आमची किंचाळी बहुतेक थांबली.

दुसरा गुण इक्वलायझर. ज्या ठराविक कंपनसंख्येवर मंदिर घुमतें, तेवढीच अरुंद पट्टी खालीं आणतां आली पाहिजे. यांत तारतम्य हवें. औषधाप्रमाणें थोडें तेंच बरें. तिसरा लिमिटर, एखाद्यानें माईक आपटला तरी तो स्पीकरला जाळूं देत नाहीं.

चौथा गुण मला सर्वांत आवडला, तो विलंबाचा. ऊन्हाळ्याच्या ३० अंशांत आवाज सेकंदाला सुमारें ३४९ मीटर जातो. वीज मात्र तात्काळ पोंचते. आमची मधली जोडी पुढच्या जोडीपासून २१ मीटरांवर. म्हणजे पुढचा आवाज तेथें यावयास ६० मिलिसेकंद लागतात आणि मधला स्पीकर तेवढा आधींच बोलून मोकळा होतो. मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदां ऐकूं येई, तो यामुळें. प्रोसेसरनें मधल्या जोडीला ६० मिलिसेकंद थांबविलें आणि वर आणखी दहा-पंधरा दिले, तर दोन्ही आवाज एक होतात. इतकेंच नव्हे, तर सारा आवाज व्यासपीठावरूनच येतो असें वाटतें. प्रथम पोंचलेल्या आवाजाच्या दिशेवर कान विश्वास ठेवतो, हें हेल्मुट हास या संशोधकानें १९४९ च्या आपल्या प्रबंधांत दाखवून दिलें. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्यें १९५१-५२ च्या सुमारास हीच युक्ति योजिली गेली. त्या काळीं विलंबासाठीं चुंबकीय ध्वनिमुद्रणाचें साहाय्य घ्यावें लागलें. आज तें काम तळहाताएवढ्या पाटीवर होतें.

आणखी चार बारीक गोष्टी. वीज जाऊन परत आली, कीं यंत्र आपल्या आधींच्या योजनेवर आपोआप यावें. पंख्याचा घरघराट नसावा. उपदेशासाठीं एक, भजनासाठीं एक अशा योजना सांठवून भिंतीवरील बटनानें बदलतां याव्या. आणि मुख्य म्हणजे कुलुप असावें. गुप्त शब्द दोघांनाच ठाऊक असावा व तो पंचांच्या दप्तरांत पाकिटांत बंद करून ठेवावा. नाहीं तर दर रविवारीं नवा तज्ज्ञ उत्पन्न होतो.

शेवटीं, यंत्र विकत घेण्यापूर्वीं तें आपल्या मंदिरांत, माणसें बसलेलीं असतां, लावून पाहावें. परीक्षा आम्हीं शाळेंतल्या रीतीनें घेतली. व्यासपीठावरून पन्नास सुटे शब्द वाचावे आणि मागच्यांनीं ते कागदावर लिहावे. पहिल्या यंत्राच्या वेळीं बाईंचे एकवीस बरोबर आले होते. नव्या यंत्राच्या वेळीं त्रेचाळीस आले. उरलेले सात दगडी भिंतींचे आणि वयाचे, असें मीं म्हटलें.

पुढच्या रविवारीं उपासना आटोपल्यावर बाई पुन्हां दाराशीं भेटल्या. म्हणाल्या, "मास्तर, आतां सारें ऐकूं येतें. पाळकसाहेबांचे उपदेश किती लांबतात, तें मला आजच कळलें."

हा दोष काढणारें यंत्र मात्र अजून माझ्या पाहण्यांत नाहीं. म्हणून माझें भाषण तरी येथें थांबवितों व आपली रजा घेतों.