मौनानंतरचें गाणें
(सुवर्णमहोत्सवानिमित्त गायनमंडळापुढें केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवांत गाणाऱ्यांची स्तुति पुष्कळ झाली, व ती योग्यच झाली. म्हणून आम्ही आज जे गातां गातां थांबले, त्यांच्याविषयीं बोलूं इच्छितों; आणि त्यासाठीं एका परदेशस्थ गायकाचें चरित्र आपणांपुढें ठेवतों.

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं १९४२ सालीं सिक्स्टो रॉड्रिग्ज यांचा जन्म झाला. कुटुंब मेक्सिकोहून आलेलें, कष्टकरी. हें सहावें अपत्य, म्हणून नांव सिक्स्टो. गरिबांची वस्ती आणि शहराची उदासी यांवर स्वतः गाणीं रचून, गिटार घेऊन ते लहानसहान गुत्त्यांत गात. १९७० व १९७१ सालीं त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. परंतु त्यांच्या देशांत त्यांस गिऱ्हाइक मिळालें नाहीं. तेव्हां त्या काढणाऱ्या मंडळींनीं त्यांस निरोप दिला.

रॉड्रिग्ज मजुरीला लागले. जुनीं घरें पाडणें, राडारोडा वाहणें, पडक्या घरांची डागडुजी करणें, हें त्यांचें काम झालें. त्यांच्या एका सोबत्यानें पुढें सांगितलें आहे कीं, ह्या धुळीच्या कामाकडे ते एखाद्या पवित्र संस्काराकडे पाहावें तसें पाहत आणि त्यासाठीं समारंभाचा पोशाख करून येत. मजुरी करतांनाच त्यांनीं अभ्यास केला व १९८१ सालीं तत्त्वज्ञानाची पदवी मिळविली. नगराच्या निवडणुकींत ते उभे राहिले व पराभूत झाले. १९७९ व १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील रसिकांच्या आमंत्रणावरून तेथें जाऊन गाइले, आणि परत येऊन पुन्हा कामावर रुजू झाले.

इकडे दक्षिण आफ्रिकेंत, वर्णभेदी राजवटीच्या काळांत, तेथील तरुण गोऱ्यांनीं त्यांचीं गाणीं उराशीं धरलीं होतीं. तेथें तीं घरोघरीं गेलीं. पण गायकास त्याची वार्ताहि नव्हती, व विक्रीचा मोबदलाहि वर्षानुवर्षें त्यांस मिळाला नाहीं. गायकानें रंगमंचावरच प्राण दिला, अशी कंडी तेथें पिकली होती. अखेर कांहीं चाहत्यांनीं शोध मांडला. तो शोध त्यांच्या थोरल्या मुलीच्या कानीं गेला, आणि बाप जिवंत असल्याचें तिनें कळविलें. मार्च १९९८ मध्यें रॉड्रिग्ज दक्षिण आफ्रिकेस गेले व सहा कार्यक्रमांत हजारो लोकांपुढें गाइले. ह्या शोधावर निघालेल्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ ह्या चित्रपटास २०१३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. रॉड्रिग्ज त्या समारंभास गेले नाहींत. हातीं आलेल्या पैशांतला पुष्कळ भाग आप्तमित्रांस देऊन ते डेट्रॉइटमधल्या आपल्या जुन्याच घरीं राहिले. ऑगस्ट २०२३ मध्यें, ८१ व्या वर्षीं, ते निवर्तले.

ही कथा सांगतांना लोक म्हणतात, हरवलेलें रत्न सांपडलें. आम्हांस ही उपमा पुरी पटत नाहीं. रत्न सांपडेपर्यंत मातींत नुसतें पडून असतें. रॉड्रिग्ज मातींत काम करीत होते. मुली वाढविल्या, पदवी घेतली, शेजाऱ्यांसाठीं उभे राहिले. आफ्रिकेहून बोलावणें आलेंच नसतें, तरी तीं वर्षें आम्ही वाया गेलीं असें म्हटलें नसतें.

तथापि मौनाची किंमत नव्हती, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. नव्या गाण्यांची त्यांची तिसरी ध्वनिमुद्रिका पुरी झालीच नाहीं. कितीतरी गाणीं मनांतच राहिलीं असतील. मनुष्यानें दारिद्र्य धीरानें सोसलें, म्हणून त्याचा मोबदला त्यास न मिळणें न्याय्य ठरत नाहीं. त्या चाहत्यांचा मोठेपणा इतकाच कीं, गाण्यांवर संतुष्ट न राहतां ‘गाणारा कोठें आहे?’ असें त्यांनीं विचारलें.

हाच प्रश्न आपण आपल्या धर्मग्रामांत विचारावा. कोणाची रात्रपाळी लागली. कोणाच्या घरीं आजारी आईची सेवा आली. कोणाच्या आवाजाचें कौतुकच कोणीं केलें नाहीं. व्हायोलिन कपाटावर गेलें आणि माणूस शेवटच्या बाकावर बसूं लागला. त्यास ‘कां सोडलेंस?’ असें विचारूं नका. मधल्या वर्षांत काय केलें, कसें निभावलें, हें आधीं आपुलकीनें ऐका. मग सरावाचा वार व वेळ सांगा. तो नाहीं म्हणाला, तर त्याचा मान राखा, आणि पुढल्या वर्षीं पुन्हा विचारा.

आणि जे स्वतः थांबले आहेत, त्यांस आमचें सांगणें एवढेंच: आवाज पूर्वींसारखा राहिला नाहीं, ह्याची लाज बाळगूं नका. रॉड्रिग्ज परतले, तेव्हां ते पंचावन्न वर्षांचे होते. आमच्या गायनमंडळांत त्याहून पुष्कळ वडीलधाऱ्यांसाठींहि जागा आहे.

देव आपणां सर्वांचें कल्याण करो.