पाण्याची गाळणी

घरची चहाची गाळणी आपण रोज धुतो. वावरातही पाण्याची एक गाळणी असते. तिला फिल्टर म्हणतात. ती आपण किती वेळा धुतो? आज तिच्याविषयी चार गोष्टी बोलू.

आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे संत्र्याचे बगिचे पुष्कळ. कितीतरी बगिच्यांत आता ठिबक आहे. ठिबकच्या तोटीची वाट फार बारीक असते. विहिरीच्या पाण्यात गाळ असतो, शेवाळ असते. ते तोटीत अडकले की तोटी बुजते. म्हणून मोटारीचे पाणी आधी फिल्टरच्या जाळीतून जाते.

आमचीच चूक सांगतो. आंबिया बहारासाठी डिसेंबरात आम्ही झाडांना ताण दिला, म्हणजे पाणी तोडले. फिल्टर तसाच ओला राहिला. जाळीवरचा गाळ वाळून घट्ट झाला. जानेवारीत ताण तोडताना आम्ही तो खिळ्याने खरवडला. जाळीला बारीक भोक पडले. "एवढ्यानं काय होतं?" असे म्हणून मोटार सुरू केली. मोटार चालते, म्हणजे पाणी पोचते, असे आम्हांला वाटले. पण गाळ नळ्यांत शिरला. शेवटच्या ओळींतल्या तोट्या बुजल्या. तिथला बहार गळून गेला.

तेव्हापासून आम्ही असे करतो.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाब दाखवणारी घड्याळे असतात. त्यांत अर्ध्या किलोचा फरक पडला, की जाळी भरली असे समजावे.

आधी मोटार बंद करावी. मेन स्विच पाडावा. ऑटोही बंद करावा. नाहीतर लाईन येताच मोटार आपोआप सुरू होते! मग फिल्टरचा खालचा कॉक सोडून दाब उतरू द्यावा. दाब असताना झाकण खोलू नये. ते अंगावर उडते.

जाळी काढून मऊ ब्रशाने, स्वच्छ पाण्याने धुवावी. खिळा नको, चाकू नको, तारेचा ब्रश नको. जाळी उजेडाकडे धरून बघावी. भोक दिसले तर नवी आणावी. रबराची कडी नीट बसवावी. ती वाकडी बसली तर गढूळ पाणी बाजूने निसटते. शेवटी नळ्यांची टोके उघडावी आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे.

ताणाच्या दिवसांत फिल्टर रिकामा करून झाकण लावावे. जाळी आणि कडी धुऊन सावलीत वाळवावी. उन्हात रबर तडकते. मग फडक्यात बांधून घरात उंच टांगावी, म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत.

विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशीही जाळी असते. ती तळाच्या गाळात टेकू देऊ नये.

बघा, जाळी धुवायला दहा मिनिटे लागतात. आंबिया बहार मात्र वर्षातून एकदाच येतो.