अंधारातील शेजारधर्म
(जुबिली समारंभप्रसंगी केलेले भाषण)



युद्धकाळातील बालपणाच्या आठवणी सांगाव्यात, अशी आपल्या जुबिली मंडळाची आज्ञा आहे. युद्ध म्हटले म्हणजे सीमा, सैन्य आणि सेनापती ह्यांचेच वर्णन होते. परंतु रणभूमीच्या मागे घराघरांतून जे सोसावे लागते, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तो स्वयंपाकघरात, गल्लीत आणि रॉकेलच्या रांगेत घडतो आणि तेथेच विसरला जातो. त्यातील चार गोष्टी आज आपणांपुढे ठेवतो.

शुक्रवार, ३ डिसेंबर १९७१ हा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या सणाचा दिवस. त्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धास तोंड फुटले. आम्ही तेव्हा अवघे पाच वर्षांचे होतो आणि ठाण्यास, मासुंदा तलावानजीकच्या एका चाळीत राहत होतो. युद्ध म्हणजे काय हे आम्हांस उमगले नाही. अंधार मात्र उमगला. खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चढला. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा झाला. भोंगा खालीवर सूर काढीत ओरडला की धोका, एकसारखा वाजला की संकट टळले, एवढे शिक्षण आम्हां मुलांस एका रात्रीत मिळाले. खरे सांगावयाचे तर आम्हांस त्याची मौजच वाटे.

वडीलधाऱ्यांस मात्र मौज वाटण्याजोगे काही नव्हते. मुंबई हे नौदलाचे मोठे ठाणे. अंबरनाथेस शस्त्रसामग्रीचा कारखाना, ठाकुर्लीस रेल्वेला वीज पुरविणारे वीजगृह. शत्रूचे विमान आलेच तर खालचा एखादा दिवा त्यास वाट दाखवील, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात होती. रात्री गल्लीतून हाक येई, ‘दिवा मालवा!’ एका बिऱ्हाडाची फट ही साऱ्या चाळीची फट होती. नळावरच्या भांडणामुळे ज्यांचे बोलणे वर्षभर बंद होते, अशा दोन बाया त्या दिवसांत एकमेकींची दारे ठोठावून सांगत, ‘बाई, तुमच्या खिडकीतून उजेड दिसतो आहे हो!’ अबोला कसा सुटला, हे त्यांचे त्यांनाही कळले नाही. संकटाने शिकविलेला हा शेजारधर्म होय.

रोजरीची प्रार्थना आम्ही अंधारातच करीत असू. माळेला दिवा लागत नाही. मणी बोटांस ठाऊक असतात. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी व १७६ नाविक जलसमाधी पावले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला ह्यांनी नौका सोडली नाही. ती वार्ता कळली त्या रात्री आईने माळ संपल्यावर पुन्हा पहिल्या मण्यापासून आरंभ केला. आमच्या चाळीतील कोणी त्या नौकेवर नव्हते. मग ही दुसरी माळ कोणासाठी, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. उत्तर पुढे वयाने दिले.

युद्धाचे ओझे त्यापूर्वीच घराघरांत पोहोचले होते. पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांच्या साहाय्यार्थ १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ज्याने कधी बंगाल पाहिला नाही, असा ठाण्याचा गिरणीकामगारही गावी खुशालीचे पत्र धाडताना त्या परक्या मुलांच्या घासात आपला वाटा घाली.

आणि निर्वासित हा शब्द आपल्या जिल्ह्यास नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी उभारली होती. १९४७ साली फाळणी झाली आणि सैनिकांच्या त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. एका बराकीत अनेक बिऱ्हाडे, मध्ये पडदा म्हणून गोणपाट किंवा जुने लुगडे. तरीही त्या लोकांनी तेथे दुकाने थाटली, शाळा काढल्या, संसार उभे केले. जे छप्पर युद्धासाठी बांधले, त्याने बेघरांस आसरा दिला. आपल्या परिसराचा हा इतिहास आपल्या मुलांस ठाऊक असावा, असे आम्हांस मनापासून वाटते.

१६ डिसेंबरला ढाक्यास पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली; दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही तोफा थांबल्या. नाताळास आठच दिवस उरले होते. काचांवरचे कागद खरवडून निघाले आणि गॅलरीत चांदणीचा कंदील लागला. त्या उजेडात आम्ही नाचलो. ‘खुकरी’वरील नाविकांच्या घरी तो नाताळ, ती दिवाळी, ती ईद पुढे कशी गेली असेल, ह्याचा विचार त्या वयात शिवला नाही.

७ मे २०२५ रोजी नागरी संरक्षणाच्या सरावासाठी देशात ठिकठिकाणी भोंगे वाजले. त्यानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी आम्हांस विचारले, ‘फादर, तुमच्या वेळी मजा आली असेल ना?’ प्रश्न निरागस होता. त्याचे उत्तर एकट्या आमच्याने पुरे होणार नाही. ह्या सभेत असे वृद्ध बसले आहेत, ज्यांनी १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतील स्फोट बालवयात अनुभवला, किंवा बराकीतील पडद्याआड पहिला अभ्यास केला. त्यांस आमची हात जोडून विनंती आहे की, मुलांना भोंग्याची गंमत अवश्य सांगा; पण आईची दुसरी माळ आणि पाच पैशांचे तिकीट वगळू नका. मौज तेवढी सांगितली तर मुले युद्धास खेळ समजतील. आणि मुलांनो, आजी-आजोबांजवळ बसून हे सारे वहीत उतरवून घ्या. ते ऐकण्याची संधी फार वर्षे राहावयाची नाही.

परमेश्वर आपणां सर्वांस शांती देवो.